भरावाखालची ओल

१२ मार्च, मंगळवार

नऊ वाजता निघालो. जिन्याच्या चौदा पायऱ्या बसत बसत उतरलो. कोणी पाहिलं नाही. मुलगा निमिष आणि सून निधी आपापल्या खोलीत कामाला बसले होते. निधीचं दार किलकिलं होतं, पण तिच्या एका कानाला हेडफोन होता.

वही नवी आहे म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी मुळा उजव्या कालव्यावर. तिथे रोजची डायरी लिहावी लागायची. किती चाललो, पाणी किती, गळती कुठे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बहुतेक दिवशी ‘विशेष नाही’ लिहायचं आणि महिनाअखेरीला साहेबांच्या सहीला पाठवायचं. ही वही कोणाच्या सहीला जायची नाही. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

बायको प्रतिमा गेली आणि निमिषने मला न्यू जर्सीला आणलं, त्याला तीन वर्षं झाली. घर चांगलं, माणसं चांगली, पण दिवसभर करायचं काय? पहिला महिना मी खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजल्या. मग एक दिवस नात रुही मला दहा मिनिटांवरच्या जुन्या कालव्यावर घेऊन गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. एकशे नव्वद वर्षांपूर्वी हातांनी खोदलेला कालवा. कोळशाच्या होड्या खेचरं ओढायची. ती खेचरांची वाट अजून आहे, मातीची, दोन्ही अंगांनी झाडं. पुलाच्या दगडी कोपऱ्यावर दोर घासून खाचा पडल्यात. त्यांत माझं बोट अर्धं जातं. रोज बोट घालून बघतो. खाच वाढणार नाही हे मला कळतं, तरी बघतो.

आज जुन्या दरवाजापाशी, म्हणजे इथे ज्याला लॉक म्हणतात तिथे, वॉल्टर भेटला. रेल्वेतून रिटायर झालेला, ऐंशीचा, कालव्याच्या मित्रमंडळाचा सेक्रेटरी. मंडळात एकूण सहा मित्र आहेत. त्याने भरावाखालच्या शेताकडे बोट केलं. शेतभर खुंट्या, त्यांना गुलाबी फिती. दोनशे बारा घरं होणार आहेत. वसाहतीचं नाव ‘टोपाथ कॉमन्स’. टोपाथ म्हणजे हीच आमची खेचरांची वाट.

“जे मोडायचं, त्याचं नाव आधी पाटीवर लिहितात,” वॉल्टर म्हणाला.

शेरा: खुंट्या.

१७ मार्च, रविवार

वॉल्टरने गाडीतून कालव्याच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे गेल्या वर्षी अशीच वसाहत झाली. बघून आलो आणि जेवण गेलं नाही. झाडं काढून ओळीने दिव्याचे खांब. मातीच्या वाटेवर काळा रबरी थर. जुन्या पुलाच्या खाचांवर जाड प्लास्टिकची फळी ठोकली आहे, लोकांना लागू नये म्हणून. लाकडी होडीची नक्कल करून तिच्यात कॉफीचं दुकान. होडीला दोर आहे आणि दोराच्या टोकाला फायबरचं खेचर. त्याच्यावर मुलं बसवून आया फोटो काढत होत्या. मुलं खूश होती, हेही लिहायला हवं.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. १४ मेला टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभागृहात नव्या वसाहतीवर सुनावणी आहे, मी बोलणार आहे, असंही सांगितलं. निमिषने तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याला ऑफिसात ताण असावा. निधी म्हणाली, “बाबा, अजून एक पोळी घ्या ना.” रुहीने आईकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. सतरा वर्षांच्या पोरीला कालव्यात काय रस असणार.

३० मार्च, शनिवार

संध्याकाळी निमिष खोलीत आला. फोनवर घराचा नकाशा. त्याचा मित्र सुशांत घर घेतोय म्हणे. पुण्याचाच मुलगा, आपल्याकडे दोन-तीनदा जेवून गेलेला.

“बाबा, तो विचारत होता, वास्तूच्या दृष्टीने कुठला प्लॉट बेटर आहे?”

माझा वास्तुशास्त्रावर काडीचा विश्वास नाही. पण मला कोणी नकाशा वाचायला देऊन बरीच वर्षं झाली होती. चष्मा पुसला. चित्र कापलेलं होतं, चार-सहा प्लॉट, त्यांतल्या घरांच्या खोल्या आणि कडेला निळी पट्टी, एवढंच.

“हे पाणी कसलं?”

“आहे थोडं पाणी,” तो म्हणाला.

नव्या वसाहतींत पावसाचं पाणी साठवायला खड्डा करतात, त्यातलाच असणार. मी सांगितलं, सत्तावीस नंबर घे म्हणावं, डोळे मिटून. कोपऱ्यावरचा आहे, पाणी ईशान्येला, खालीच एक खोली, तिला पूर्वेची खिडकी, शेजारी न्हाणी आणि न्हाणीला उंबरा नाही. “खालची खोली त्याच्या आईसाठी का?”

“घरात म्हातारं माणूस आहे.”

“बघ, मुलगा असावा तर असा,” मी म्हणालो. निमिषने मान हलवली, फोन खिशात घातला आणि थोडा वेळ तसाच पलंगाच्या कडेला बसून राहिला. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

काल ग्रहण होतं, आज पाडवा. निधीने गॅलरीत गुढी उभारली. दुपारी दोघंही दोन तास कुठे तरी जाऊन आले. विचारलं तर निधी ताकास तूर लागू देईना. येताना आयसेलिनच्या आपल्या मिठाईवाल्याकडून पेढे आणले. पाडव्याला आपल्याकडे श्रीखंड असतं आणि ते केलेलं होतंच, मग पेढे कशाला, मी म्हणालो. “असेच, बाबा,” म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. मग विचारते, “तुम्हाला खोलीत सकाळचं ऊन आवडतं की दुपारचं?”

तिचा कढीपत्ता थंडीत मरतो, त्यासाठी विचारत असेल. सकाळचं, मी म्हटलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आज एक गोष्ट सापडली.

कालवा इथे शेतापेक्षा उंचावरून, मातीच्या भरावावरून जातो. लॉकपासून एकशे नव्वद पावलांवर भरावाच्या पायथ्याशी ओली जागा आहे. साधारण तीन खाटांएवढी. पाणकणसं उगवली आहेत. चार दिवस पावसाचा थेंब नाही, तरी बूट रुतला. हे पावसाचं पाणी नव्हे, कालव्याचं आहे. भरावातून पाझरतंय.

पाझर असणं वाईट नाही. मातीचा प्रत्येक कालवा थोडा पाझरतो. पाणी स्वच्छ आहे तोवर काळजी नाही. गढूळ आलं की समजायचं, भराव आतून चालला. लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेतलं आणि खिडकीत ठेवलं. तळाशी गाळ बसला नाही. म्हणजे आज ठीक आहे. पण या पायथ्याशी तळघरांसाठी आठ-आठ फूट खणलं तर ते ठीक राहील का? माझ्या मते राहणार नाही. बिल्डरच्या जमिनीच्या नकाशात (त्यात घरं आखलेली नाहीत) ही जागा ‘पावसाचं साचलेलं पाणी’ अशी दाखवली आहे. वॉल्टरने प्रत आणून दिली. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकही माणूस इथे कोरड्या आठवड्यात येऊन उभा राहिलेला नाही.

वॉल्टर म्हणाला, झाडं आणि शांतता यांवर आम्ही सहा जण बोलूच, त्याला कोणी विचारत नाही. हे तू बोल.

परत येताना गुडघा फार दुखला. चौदा पायऱ्या चढायला अकरा मिनिटं.

२१ एप्रिल, रविवार

झोप लागली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत झाली आहे.

मी इथे येऊन कालवा वाचवायला निघालो. पण चौऱ्याण्णव साली आमच्या कालव्याच्या अकरा किलोमीटरचं काँक्रीटचं अस्तर माझ्याच देखरेखीखाली झालं. कडेची करंजाची आणि बाभळीची झाडं मीच काढायला लावली. मुळं अस्तर फोडतात म्हणून. गळती थांबली, पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचलं, आणि ते पोचायलाच हवं होतं. मला प्रशस्तिपत्र मिळालं. प्रतिमाने ते फ्रेम केलं होतं.

त्या पावसाळ्यानंतर ठकूबाई आली. तिची विहीर कालव्याला लागून, बारा लिंबाची झाडं. अस्तर झालं आणि विहिरीचा पाझर बंद. रिकामा पोहरा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “सायेब, तुमची गळती व्हती, ती माझी इहीर व्हती.” मी म्हटलं, ते पाणी कागदावर तुमचं नव्हतंच, बाई. बरोबर होतं तेही. ती पोहरा तिथेच ठेवून गेली.

त्या दिवशीच्या डायरीत मी शेरा लिहिला: विशेष नाही.

तीस वर्षांत हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, प्रतिमालाही नाही. लाज वाटते, आणि अस्तर चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. दोन्ही खरं आहे. पण तिचं म्हणणं डायरीत लिहायला मला एक ओळ पुरली असती.

३ मे, शुक्रवार

माझं तीन मिनिटांचं भाषण रुहीने टाइप करून दिलं. माझं इंग्रजी खात्यातलं, ‘अ‍ॅज पर’ शिवाय वाक्य सुरू होत नाही. तिने सगळे ‘अ‍ॅज पर’ काढले. मग म्हणाली, “आजोबा, आर यू शुअर? लाइक, रिअली शुअर?”

माझ्या उच्चारांची तिला काळजी असावी. मी म्हटलं, दहा वेळा वाचून दाखवतो. तिने मला मिठी मारली. या वयाची पोरं कशाने हळवी होतील सांगता येत नाही.

निमिष हल्ली माझ्याशी हवापाण्याचंच बोलतो.

१५ मे, बुधवार

सुनावणी काल संध्याकाळी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

रुहीने गाडीतून नेलं. निमिषला मीटिंग होती, निधीला डोकं दुखत होतं. सभागृह अर्धं भरलेलं. निम्मे चेहरे आपल्याकडचे, तरुण नवरा-बायको, मांडीवर मुलं. ही घरं घेणारे हेच. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटलं. घर हवं असणं हा काही गुन्हा नाही.

बिल्डरचा माणूस गोड बोलत होता. पडद्यावर सबंध वसाहतीचा नकाशा आला. भरावाला लागून घरांची पहिली ओळ, चोवीस ते एकतीस, मधून एक रस्ता. मी माझी ओली जागा नकाशावर शोधत होतो, एकशे नव्वद पावलं मनात मोजत. ती सापडली आणि तिच्यावर नंबर दिसला, सत्तावीस. कोपऱ्यावरचा प्लॉट. निळी पट्टी ईशान्येला.

मी रुहीला म्हटलं, “अगं, हा तर सुशांतचा प्लॉट. इथे घेतोय तो? त्याला आधी सांगायला हवं.”

तिचे डोळे भरले होते. “आजोबा, देअर इज नो सुशांत काका. इट्स अवर हाउस. द डाउनस्टेअर्स रूम इज युअर्स.”

चौतीस वर्षं पाण्यात काढली आणि मला कालव्याची निळी पट्टी ओळखता आली नाही. वळून पाहिलं तर मागच्या दारापाशी निमिष उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात आयडी तसाच. आमची नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. हातात भाषणाचा कागद आणि लोणच्याची बाटली. मी खाली बसू शकलो असतो. गुडघा दुखतोय म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पूर्वेची खिडकी, उंबरा नसलेली न्हाणी आणि दहा पावलांवर कालवा. मला हे हवं होतं. फार हवं होतं, हे इथे स्वच्छ लिहितो. मीच तर निवडलं होतं. पण बसलो असतो तर या वहीत आज ‘विशेष नाही’ लिहावं लागलं असतं, आणि ते मी एकदा लिहून पाहिलेलं आहे.

हात वर करून शपथ घेतली. नाव श्रीरंग मोकाशी, वय चौऱ्याहत्तर. कागद वाचला नाही, सगळं पाठ होतं. बाटली टेबलावर ठेवली. म्हटलं, हे पाणी पावसाचं नाही, कालव्याचं आहे. मी एक महिना रोज बघतोय. आज हे स्वच्छ आहे. इथे तळघर खणलंत तर गढूळ होईल, आणि ज्या दिवशी गढूळ होईल त्या दिवशी इथे मुलं झोपलेली असतील. कोरड्या आठवड्यात कोणी तरी येऊन या जागेवर उभं राहा. टाउनशिपच्या बोर्डावर एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, कुठल्या प्लॉटवर? मी म्हटलं, “ट्वेंटी सेव्हन.”

येताना निमिषने मला त्याच्या गाडीत घेतलं.

“मला आधी सांगायचं होतं ना बाबा, ओली जागा एक्झॅक्टली कुठे आहे.”

“तू सांगायचं होतंस, घर कोणाचं आहे.”

“सरप्राइज द्यायचं होतं. तुमच्या पंचाहत्तरीला.” मग सिग्नलला म्हणाला, “आणि तुम्ही त्या जागेच्या विरोधात आहात हे कळल्यावर सांगायची हिंमतच झाली नाही. वाटलं, एकदा खोली बघाल, मग निवळाल. दोन वर्षं बघतोय मी तुम्ही जिना कसा उतरता ते. निधी रोज दार उघडं ठेवून बसते, पडलात तर आवाज यावा म्हणून.”

मला वाटत होतं, कोणी पाहत नाही. गाडी थांबेपर्यंत मी काचेतून बाहेरच बघत राहिलो.

१२ जून, बुधवार

काल निकाल लागला. बोर्डाने आपला माणूस पाठवून ओली जागा तपासली होती. भरावापासून शंभर फूट काही बांधायचं नाही. पहिल्या ओळीतली आठ घरं रद्द. बाकीची दोनशे चार होणार. शेताकडची झाडं जाणार. वाट रुंद करून दिवे लावणार, कारण ती ‘सुधारणा’ आहे आणि तिला कोणाचीच हरकत नव्हती.

वॉल्टर आणि मी लॉकच्या कठड्यावर बसलो. “दोनशे बारांतली आठ,” तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्या खात्यात याला चांगला निकाल म्हणतात. तो हसला. मग आम्ही पुलापर्यंत गेलो आणि मी त्याला खाचेत बोट घालायला लावलं. ऐंशी वर्षं तो इथे राहतोय, आणि कधी घातलं नव्हतं.

आपण जिंकलो की हरलो हे मला कळत नाही. कदाचित माझा हट्टच असेल. निधीच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. सत्तावीस नंबरच्या स्वयंपाकघराची चित्रं तिने फोनवर साठवली होती, हे मला रुहीकडून कळलं. तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “अहो बाबा, पाण्यात घर कोण बांधतं?” आणि चहा टाकायला वळली. ती पाठमोरी असताना मला जास्त वाईट वाटलं.

२२ जून, शनिवार

जेवणाचं टेबल काल गराजमध्ये गेलं. त्या जागेत आज दुपारी माझा पलंग येणार. आता सगळे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उंच स्टुलांवर बसून जेवणार आणि मी एकटा खुर्चीवर, साहेबासारखा. खिडकी पश्चिमेची, समोर रस्ता. पुन्हा गाड्या मोजता येतील.

सकाळी शेवटच्या वेळी जिना उतरायला निघालो. पहिल्या पायरीवर बसलो तर निमिष आला. मला वाटलं, हात धरून उभं करेल. तो एक पायरी खाली बसला. मी एक उतरलो, तो एक उतरला. सहाव्या पायरीवर मी म्हटलं, “तुला काय झालंय?” म्हणाला, “काही नाही, बघतोय किती वेळ लागतो.” खाली निधी उभी होती, हातात भाजीची पिशवी. ती जागची हलली नाही. चौदा पायऱ्यांना सात मिनिटं लागली.

मग म्हणाला, “चला, मला दाखवा ती जागा.” तीन वर्षांत तो माझ्याबरोबर कालव्यावर पहिल्यांदा आला. झाडांवर फिती बांधल्या आहेत. गुलाबी म्हणजे जाणार, निळी म्हणजे राहणार. तो मोजत चालला होता, गुलाबी जास्त निघाल्या. पायथ्याशी मला उतरवेना, म्हणून मी भरावावरून सांगितलं, अजून चार पावलं डावीकडे, तिथे. त्याने बूट काढले आणि पाणकणसांत उभा राहिला. वाकून ओंजळीत पाणी घेतलं.

“बाबा, क्लिअर आहे,” खालून ओरडून म्हणाला.

“अजून थोडा वेळ धर. गाळ बसतो का बघ.”

तो ओंजळ धरून उभा राहिला, सत्तावीस नंबरच्या जागेवर, घोट्यापर्यंत पाण्यात. मी घड्याळ बघितलं नाही.

शेरा: पाणी स्वच्छ. मुलाने तपासलं.